आधी गंज, मग रंग!

सुट्टीत अंगणातली जुनी जीप-पिकअप दुरुस्तीला काढली. बाबा म्हणाले, "आधी रंग दे, गिऱ्हाईक येईल." मी चॅसीस खरवडली, तर बोट आरपार गेलं! वरून रंग मारून विकली असती, तर घाटात कुणाचा तरी जीव गेला असता.

हरिकेन इंजिन उघडलं, तेव्हा 'एफ-हेड' कळलं. इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये, एक्झॉस्ट ब्लॉकमध्ये. फायरिंग ऑर्डर १-३-४-२ आता झोपेतही सांगेन.

मित्रांनो, आपलं सबमिशनही असंच असतं. जर्नल कॉपी केलेलं, कव्हर मात्र चकाचक! व्हायवात बोट आरपार जातं. म्हणून माझं मत, रंग शेवटी.

गाडी अजून सुरू झालेली नाही. पण बाबा आता गिऱ्हाइकाचं नाव काढत नाहीत, पाना घेऊन शेजारी बसतात.