'जाऊ दे' म्हणजे नेमकं कुठं?

गेल्या पावसाळ्यात पलासिया चौकात एका लोडिंग रिक्षानं माझ्या गाडीचा पुढचा डावा कोपरा ठोकला. बंपर फाटला, फॉगलॅम्पचा चुरा झाला, फेंडर आत गेलं. रिक्षावाला गर्दीत पसार. माणसं सगळी धड होती, देवाची कृपा. मी रस्त्यात उभी राहून चार फोटो काढले, विमा कंपनीला फोन केला आणि गाडी वर्कशॉपमध्ये दिली. 'मॅडम, कॅशलेस है, आपको कुछ नहीं देना', असं तिथल्या मुलानं हसत सांगितलं.

अकराव्या दिवशी गाडी आणायला गेले तर हातात बिल. एकूण 46,800. कंपनी देणार 31,940. माझ्या वाट्याला 14,860.

मी विचारलं, हे कशाचे? मुलगा म्हणाला, 'मॅडम, ये तो लगता ही है.' घरी फोन केला तर हे म्हणाले, 'भरून टाक, जाऊ दे.' सासूबाई म्हणाल्या, 'गाडी वाचली, माणूस वाचलं, पैशाचं काय घेऊन बसलीस, जाऊ दे.' संध्याकाळी मंदिरात भेटलेल्या काकींनी तर उपदेशच केला, 'आपण क्षमा मानणारी माणसं, वाद कशाला वाढवायचा?'

तर आज मला या 'जाऊ दे'शीच वाद घालायचाय.

आधी एक आठवण. माझे सासरे कापडाच्या धंद्यात होते. एकदा रोकड मेळात चार आण्यांचा फरक आला, तर रात्री दोन वाजेपर्यंत दिवा लावून वही धुंडाळत बसले होते. कुणीतरी म्हणालं, अहो, खिशातले चार आणे टाका आणि झोपा. ते म्हणाले, 'चार आण्यांचा प्रश्न नाही, चूक कुठं आहे ते कळलं पाहिजे.' ही गोष्ट आमच्या घरात आजही कौतुकानं सांगतात. मग त्याच घरातली सून चौदा हजारांची चूक शोधायला बसली की ती भांडखोर कशी ठरते? दुकानात जो हिशेब, तोच बाईनं केला की कटकट, हा न्याय कुठला?

मी बिल घेऊन वर्कशॉपच्या बाकावर बसले आणि ओळीनं वाचलं. बायांनो, यात अवघड काही नसतं. भाजीवाल्याचा हिशेब करणारी बाई हे बिलही वाचू शकते. माझ्या 14,860 मध्ये चार रकमा होत्या.

पहिली 1,000 रुपये. ही सक्तीची वजावट. पंधराशे सीसीपर्यंतच्या गाडीला प्रत्येक क्लेममागे हजार रुपये मालकानं सोसायचे, असा नियम आहे. मान्य.

दुसरी 1,360 रुपये. नटबोल्ट, क्लिपा, ऑइल, कूलंट असला किरकोळ माल. याचं वेगळं कव्हर घ्यावं लागतं, मी घेतलं नव्हतं. मान्य.

तिसरी 9,500 रुपये. बंपर, ग्रिल वगैरे प्लास्टिकच्या भागांची किंमत 19,000, त्याची निम्मी. साध्या पॉलिसीत प्लास्टिक, रबर, नायलॉन, टायर, बॅटरी यांचे निम्मेच पैसे मिळतात, गाडी नवी असली तरी. धातूच्या भागांना वयाप्रमाणे घसारा लागतो: सहा महिन्यांपर्यंत काही नाही, मग पाच टक्के, दहा टक्के, असा चढत दहा वर्षांपुढच्या गाडीला पन्नास टक्के. काचेला घसारा नाही. हे सगळं पॉलिसीच्या कागदावर छापलेलं असतं. पण माझ्या कागदावर आणखी एक ओळ होती: 'झिरो डेप्रिसिएशन', आणि तिच्यासमोर त्यासाठी घेतलेला वेगळा हप्ता. म्हणजे घसारा कापायचा नाही म्हणून त्यांनी माझ्याकडून पैसे घेतले, आणि वर घसाराही कापला.

चौथी 3,000 रुपये. फॉगलॅम्प. शेरा: 'पूर्वीचं नुकसान'. आणि माझ्या मोबाईलमध्ये त्याच फॉगलॅम्पच्या काचा पलासियाच्या रस्त्यावर पडलेल्या.

म्हणजे 2,360 माझ्याकडून न्याय्य, 12,500 अन्याय्य. एवढं वेगळं करून मांडलं की भांडण अर्धं संपतं. सगळ्यावरच ओरडणारी बाई त्यांना हवी असते, तिला 'मॅडम गुस्सा हो गई' म्हणून बाजूला काढता येतं. जी स्वतःहून म्हणते की हे दोन देणार, हे दोन देणार नाही, तिला उत्तर द्यावं लागतं.

आता यातला खरा मुद्दा. मी अडून बसले तशी वर्कशॉपच्या सल्लागारानं खुर्ची जवळ ओढली. म्हणाला, मॅडम, कशाला ताण घेता, दुसरा एक क्लेम दाखवू, 'पार्किंगमध्ये कुणीतरी घासलं' असं लिहून द्या, फॉगलॅम्प त्यात बसवतो, मागचा दरवाजाही रंगवून देतो. सगळेच करतात.

सगळेच करतात, हे खरं आहे. आपल्याही समाजातले करतात, हे मला माहीत आहे. रात्री पाणी न पिणारे, कांदा-लसूण वर्ज्य करणारे घरचे कर्ते पुरुष विम्याच्या फॉर्मवर खोटी तारीख बिनदिक्कत टाकतात. विचारलं तर म्हणतात, कंपनी कुठं साधू आहे! सत्य अणुव्रताचे जे पाच अतिचार आपण पाठशाळेत घोकले, त्यात कूटलेखक्रिया आहे, खोटा लेख करणं. त्याच यादीत न्यासापहार आहे: ठेव ठेवणारा रक्कम विसरला तर उरलेलं गिळून गप्प बसणं. माझ्या बिलावर या दोन्हींची गाठ पडली होती. कंपनी म्हणत होती, तू कोणत्या कव्हरचे पैसे भरलेस ते विसर. सल्लागार म्हणत होता, मग तूही खोटं लिही.

आणि 'जाऊ दे' म्हणणारी चांगली माणसं या दोघांच्या मधोमध उभी असतात. त्यांना वाटतं आपण शांती राखतोय. प्रत्यक्षात काय होतं? सरळ माणूस 'जाऊ दे' म्हणून पैसे सोडतो आणि वाकडा माणूस खोटं लिहून ते वसूल करतो. मग खोटेपणा हाच व्यवहार होऊन बसतो. विम्याचा पैसा कंपनीच्या तिजोरीत उगवत नाही. तो तुमच्या-माझ्यासारख्यांच्या हप्त्यांचा गल्ला आहे. खोटा क्लेम करणारा त्यातून चोरतो, आणि खरा क्लेम कापणारी कंपनीही त्यातूनच चोरते. हक्काचं सरळ मागणं हा तिसरा रस्ता आहे, आणि तो आपण भांडखोरपणा म्हणून बदनाम करून ठेवलाय.

क्षमेचं म्हणाल तर क्षमा माणसाला करायची असते. त्या काउंटरवरच्या मुलाला मी केव्हाच केली, तो बिचारा पगारी. पण चुकलेल्या हिशेबाला क्षमा नसते, दुरुस्ती असते. आणि क्षमा करायला आधी चूक झाली हे तरी कुणी कबूल करायला हवं ना?

काही मैत्रिणी म्हणतील, कंपनी एवढी मोठी, आपलं कोण ऐकतंय. म्हणून सांगते मी काय केलं.

गाडी सोडवायची होती म्हणून पैसे भरले, पण पावतीवर लिहिलं, 'आक्षेपासह भरले', खाली सही आणि तारीख. पुढं 'क्लेम पूर्ण मिटला' अशा कागदावर सही घेतात, तिलाही घाबरू नका. अशा सहीमुळे ग्राहकाचा दाद मागण्याचा हक्क जात नाही, हे विमा नियामकानं 2015 मध्येच कंपन्यांना बजावलंय. मग सर्व्हेअरच्या अहवालाची प्रत मागितली. ती मागण्याचा आपल्याला हक्क आहे. दोनदा 'सर से बात करवा दीजिए' असं उत्तर आलं. गाडी माझ्या नावावर, पॉलिसी माझ्या नावावर, हप्ता माझ्या शिकवण्यांच्या पैशातून, आणि बोलायचं मात्र सरांशी! मी सांगितलं, सर इथं कुणी नाही, जे आहे ते मॅडमच आहे.

अहवाल आला. त्यात झिरो डेप्रिसिएशनचा उल्लेखच नव्हता. सर्व्हेअरनं नेहमीचा तक्ता लावून मोकळं केलं होतं. सर्व्हेअरचा शब्द ब्रह्मवाक्य नसतो. त्याचा अहवाल हा अखेरचा शब्द नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयानं 2009 मध्ये एका वाहनाच्याच प्रकरणात म्हटलंय. 2022 मध्ये चोरीला गेलेल्या ट्रकच्या खटल्यात त्याच न्यायालयानं कंपनीला सुनावलं, की मालकाला मिळवता येणार नाहीत असे कागद मागून आणि फार तांत्रिक होऊन क्लेम नाकारू नका. हा ट्रकमालक कुणी बडा माणूस नव्हता. तो फक्त 'जाऊ दे' म्हणाला नाही.

मग कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला एक पानी ईमेल केला. शिव्या नाहीत, रडणं नाही. पॉलिसीचं पान, बिल, फोटो, आणि दोन मागण्या. तेविसाव्या दिवशी 9,500 रुपये खात्यात जमा झाले. सोबत दिलगिरीचा शब्द नाही, 'पुनर्विचार करण्यात आला' एवढंच. फॉगलॅम्पला मात्र नकार.

हे म्हणाले, आता तरी जाऊ दे, तीन हजारच राहिलेत. मी म्हटलं, आजोबांचे चार आणे आठवा. ते गप्प बसले, आणि दुसऱ्या दिवशी कागदांच्या झेरॉक्स स्वतःच करून आणल्या.

विमा लोकपालाकडे जायला पैसे लागत नाहीत, वकील लागत नाही, किंबहुना चालतच नाही. आधी कंपनीला लेखी कळवायचं, तिनं नाकारलं किंवा महिनाभर उत्तर दिलं नाही की वर्षाच्या आत अर्ज करायचा. आपल्या मध्य प्रदेशाचं आणि छत्तीसगडचं काम भोपाळच्या कार्यालयात चालतं. तिथला निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो, आपल्यावर नाही. पटला नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाचं दार उघडं आहे, आणि 2019 च्या कायद्यानं आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते. ज्यांना ईमेल जमत नाही त्यांनी नियामकाचा 155255 हा नंबर फ्रिजवर चिकटवून ठेवावा, गॅसवाल्याच्या नंबरशेजारी.

आणि एक करा. आज दुपारी स्वयंपाकघर आवरलं की कपाटातली तुमच्या गाडीची, दवाखान्याची, घराची पॉलिसी काढा. कुणाच्या नावावर आहे, कशाचे पैसे घेतलेत, कशाचे नाही, ते स्वतः वाचा. एजंट 'साहेबांशी बोलणं झालंय' म्हणाला तर त्याला चहा द्या आणि पुन्हा पहिल्यापासून बोलायला लावा.

काकी परवा मंदिराच्या पायरीवर पुन्हा भेटल्या. इकडं तिकडं बघत हळूच विचारलं, 'काय गं, माझ्या त्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनचे सहा हजार कापलेत, त्याचं काही होईल का?'

मी म्हटलं, कागद घेऊन या, काकी. बसू.

माझा अर्ज भोपाळला गेलाय. उत्तर यायचंय.