लिहिता डॉक्टर हवा

वैद्यकीय लेखन म्हणजे पदवीसाठी प्रबंध आणि बढतीसाठी शोधनिबंध, अशी समजूत आपल्याकडे रूढ झाली आहे. पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिके याच समजुतीवर पोसली गेली. तिचे खंडन करणारा पुरावा मात्र गडचिरोलीच्या जंगलातच आहे.

डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांचा एक निबंध १९८९ साली ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध झाला. दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग असल्याचे, आणि त्यापूर्वी तपासणी केवळ ८ टक्के स्त्रियांचीच झाल्याचे त्यातून जगाला कळले. या निबंधाचे बळ भाषेच्या डौलात नव्हते, छेदात होते. दवाखान्यात आलेल्या रुग्णांवरून गावाचे आरोग्य सांगणे म्हणजे केवळ अंशावरून अपूर्णांक सांगण्यासारखे आहे. येथे दवाखान्याची पायरी न चढलेल्या स्त्रियाही मोजल्या गेल्या.

१९९९ च्या निबंधाची कथा अशीच आहे. ३९ गावांत प्रशिक्षित आरोग्यदूतांनी घरोघर नवजात बालकांची काळजी घेतली. तुलनेसाठी ४७ गावे होती. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूंचे प्रमाण तुलनेने ६२ टक्क्यांनी घटले. हे काम नीट नोंदले व लिहिले गेले नसते, तर ते एका तालुक्याची पुण्याई ठरून राहिले असते. ते लिहिले गेले, म्हणूनच २०११ मध्ये आशा कार्यकर्त्यांमार्फत घरोघरी नवजात बालसेवेची योजना देशभर आखताना त्याचा आधार मिळाला.

प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरला आधी औषधे आणि सहकारी द्या, लेखन मागाहून पाहू, असा आक्षेप घेतला जाईल. मागणी रास्त आहे. परंतु औषधे किती व कोठे कमी पडतात, हेही कोणीतरी मोजून लिहिल्याखेरीज सिद्ध होत नाही. हिवताप, सिकलसेल, सर्पदंश यांचा जो अनुभव या दोन जिल्ह्यांतील डॉक्टरांपाशी साठतो, तो आज बदलीच्या हुकमाबरोबर निघून जातो. अर्थशास्त्राच्या भाषेत, हा सार्वजनिक भांडवलाचा ऱ्हास होय.

चंद्रपुरात २०१५ पासून आणि गडचिरोलीत २०२४ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथे लेखनाचे शिक्षण व्याकरणापासून नव्हे, केंद्राच्या नोंदवहीपासून सुरू व्हावे. प्रश्न नेमका कोणता, मोजले कोणाला, सुटले कोण, निष्कर्ष किती ताणता येतो, एवढे ज्याला सांगता आले त्याला इंग्रजी वाक्य दुरुस्त करून देणारा कोणीही भेटेल. शिवाय निष्कर्षाचा मराठी गोषवारा ग्रामसभेत वाचला जावा. ज्यांच्या देहावरून ज्ञान मिळाले, त्यांचा त्यावर पहिला हक्क आहे.

जंगलातील मृत्यू नोंदीअभावी दुसऱ्यांदा नाहीसे होतात. ते थांबवणे हेही डॉक्टरांच्या कर्तव्यातच मोडते, आणि ते त्यांना शिकवणे शासनाच्या.