शेततळं भरलं, पण शेजारची विहीर आटली! उन्हाळ्याचं पाणी दिवाळीतच ठरतं

जालना : पाच-सहा वर्षं जपलेली मोसंबीची बाग डोळ्यांदेखत वाळताना कोणाला बघवेल? 2012-13 च्या दुष्काळात आपल्या जिल्ह्यातल्या कितीतरी बागांचं सरपण झालं. त्या धसक्याने अनेकांनी शेततळी घेतली. 2016 मध्ये 'मागेल त्याला शेततळे' योजना आली, अनुदानही मिळालं.

पण शेततळं असतं पावसाचं वाहून जाणारं पाणी अडवायला. आज बरीच तळी प्लास्टिकचा कागद अंथरून बोअर-विहिरीच्या पाण्याने भरली जातात. जमिनीखाली सावलीत असलेलं पाणी आपणच वर काढून उन्हात ठेवतो. मार्च ते मे या तीन महिन्यांत त्यातलं अडीच-तीन फूट पाणी नुसतं वाफ होऊन जातं.

तिकडे शेजाऱ्याची विहीर तळ गाठते. मग तोही खोल बोअर घेतो. 2009 च्या भूजल कायद्यात अधिसूचित क्षेत्रात शेतीसाठी 60 मीटर, म्हणजे सुमारे 200 फुटांपेक्षा खोल जायला मनाई आहे. पण पाळतंय कोण?

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने शेतीसाठी बोअर बंद केले. तिथे पावसाळा संपला की ग्रामसभा पाण्याचा हिशोब मांडते. पाऊस कमी, तर पिकंही कमी पाण्याची.

ठिबक, झाडाच्या बुडाशी काडीकचऱ्याचं आच्छादन हे हवंच. पण एकट्याच्या काटकसरीने भागणार नाही. खालचं पाणी सगळ्या गावाचं आहे. ते कोणी किती उपसायचं, हे मे महिन्यात टँकरपुढे भांडून ठरत नाही. त्यासाठी दिवाळीतच ग्रामसभेत बसावं लागेल.