कॉर्नब्रेडचा केक करू नका

माझ्या तीन मैत्रिणींनी गेल्या वर्षी घरी कॉर्नब्रेड करून पाहिला. दोघींनी त्यात अर्धा मैदा आणि वाटीभर साखर घातली, आणि वर ‘केक जरा भरभरीतच झाला गं’ अशी तक्रारही केली. तिसरीने कॉर्नफ्लोअर वापरलं. तिला मी हसणार नाही, कारण पहिल्या खेपेला मीही तेच केलं होतं.

तेव्हा आधी तेवढं सांगून टाकते. आपल्याकडे कॉर्नफ्लोअर म्हणून जे मिळतं ते मक्याचं पीठ नव्हे, मक्याचा नुसता स्टार्च. पांढरंशुभ्र असतं आणि चिमटीत चोळलं की करकरतं. मंचुरियनचा रस्सा दाट करायला ते ठीक आहे. माझा भाजून जो गोळा झाला त्यात सुरी शिरेना, आणि मुलाने तो उसळतो का हे ओट्यावर आपटून बघितलं. कॉर्नब्रेडला लागतो अख्ख्या दाण्याचा भरडा, बारीक रव्याइतका, आणि त्यात थोडं पीठ मिसळलेलं असलं तर उत्तमच. मक्याच्या रोटीचं तयार पीठ फार मऊ असतं. तेच हाताशी असेल तर निम्मं ते आणि निम्मा मक्याचा रवा घ्या.

सगळ्यांत चांगलं म्हणजे मका आणून गिरणीतून भरडून घ्यावा. आणताना दोन गोष्टी बघा. बियाण्याचा मका कितीही स्वस्त मिळाला तरी दळू नका, त्याला औषध लावलेलं असतं आणि म्हणूनच तो लालसर-गुलाबी दिसतो. दुसरं, काळे पडलेले आणि बुरशीचे दाणे निवडून फेकून द्या, त्यात काटकसर नको. भरडा एका वेळी किलोभराहून जास्त काढू नका. मक्याच्या अंकुरात तेल असतं, अख्खा दाणा दळला की ते पिठात उतरतं आणि पावसाळ्यात पंधरा दिवसांत खवट वास येतो. डबा फ्रीजमध्ये ठेवा.

आता माझं खरं म्हणणं. कॉर्नब्रेड हा केकचा कुणी नव्हे, भाकरीचा भाऊबंद आहे. अमेरिकेच्या दक्षिणेत चेरोकी, चॉक्टॉ, क्रीक हे मूळचे लोक मक्याचं पीठ, पाणी आणि मीठ एवढ्यावर भाकरी भाजत होते. युरोपातून आलेल्यांना त्या दमट, उष्ण हवेत गव्हाने साथ दिली नाही, म्हणून त्यांनीही मका धरला. गुलामगिरीत राबणाऱ्या आफ्रिकी माणसांना आठवड्याचं रेशन म्हणून मिळायचं ते मक्याचं पीठ आणि थोडं खारवलेलं डुकराचं मांस. ताक, अंडं, सोडा हे सगळं मागाहून जमेल तसं आलं. रोजच्या जेवणात पोटाला आधार देणारी ही गोष्ट. तिच्यात वाटीभर साखर ओतणं म्हणजे ज्वारीच्या भाकरीवर आयसिंग लावणं.

लेकीकडे टेनेसीत तीन महिने राहिले तेव्हा शेजारच्या आजींच्या स्वयंपाकघरात हे नातं डोळ्यांनी पाहिलं. त्या दिवशी त्यांनी ओव्हन लावलाच नव्हता. परातीसारख्या पसरट भांड्यात मक्याचं पीठ आणि मीठ घेतलं आणि त्यावर खळखळतं पाणी ओतलं. चमच्याने ढवळलं, जरा निवू दिलं, ओल्या हाताने चपट्या वड्या थापल्या आणि तेलात तळल्या. मी लेकीला म्हटलं, अगं, ही तर उकड काढतायत! तिथे याला गरम पाण्याचा कॉर्नब्रेड म्हणतात. मक्यात काय आणि ज्वारीत काय, गव्हासारखा चिकटपणा नसतो, म्हणून कढत पाण्याने स्टार्च फुगवून पीठ बांधायचं. ज्यांच्या घरी ओव्हन नाही आणि अंडं चालत नाही त्यांनी इथूनच सुरुवात करावी. भाकरी येणाऱ्या हाताला हे शिकवावं लागत नाही.

ओव्हनचा कॉर्नब्रेड करायचा तर एक बिडाचा खोलगट तवा हवा, साधारण दहा इंची. टेनेसीतल्या साउथ पिट्सबर्ग या छोट्या गावात 1896 पासून बिडाची भांडी ओततात, आणि त्याच गावात दरवर्षी कॉर्नब्रेडची जत्रा भरते. यावरून तव्याचं महत्त्व ओळखा. पण त्यासाठी परदेशी तवा मागवायची गरज नाही. आपल्या बाजारातला डोशाचा सपाट तवा तेवढा चालणार नाही, काठ हवा. बिडाचं आप्पेपात्र असेल तर त्यात छोटे छोटे करा, फार सुरेख होतात.

अडीचशे ग्रॅम भरडा, एक चमचा मीठ, एक चमचा बेकिंग पावडर आणि अर्धा चमचा खाण्याचा सोडा कोरडंच नीट मिसळा. चमचा म्हणजे चहाचा, आणि तोही सपाट. दुसऱ्या भांड्यात दोन अंडी फेटून त्यात साधारण साडेतीनशे मिलिलिटर आंबट ताक घाला. आपलं पातळ ताक इथे कामाचं नाही. आंबट दह्यात थोडंसं पाणी घालून घुसळलेलं, पेल्याच्या काठाला चिकटून राहील असं दाट हवं. मैदा नको. साखर घातल्याशिवाय चैनच पडत नसेल तर एक चमचा घाला आणि मला सांगू नका.

मात्र आत्ताच ओलं-कोरडं एकत्र करू नका. आधी तव्यात तीन-चार मोठे चमचे तूप किंवा शेंगदाण्याचं तेल घाला आणि तवा ओव्हनमध्ये 220 अंशांवर दहा-पंधरा मिनिटं चांगला तापू द्या. तिकडे बेकनची चरबी घालतात, ती चालणाऱ्यांनी जरूर घालावी. लोणी नको, त्यातला दुधाचा अंश जळून कडवट होतो. तवा तापला की मगच ताक कोरड्यात ओता. सोड्याला आंबट लागलं की पीठ लगेच फसफसायला लागतं आणि तो फुगारा कुणासाठी थांबत नाही. ढोकळा करणाऱ्यांना हे ठाऊक आहे. पीठ ढोकळ्याच्याच बेताचं हवं, ओतताना सलग पडेल इतपत. तव्यातलं निम्मं तूप त्यात घेऊन एकदा ढवळा आणि सगळं पीठ तव्यात सोडा.

इथे आवाज यायला हवा. चर्र झालं पाहिजे. कडेने पीठ जागच्या जागी तळलं जाऊन जाळी पडते, मधलं अजून पातळ असतं, आणि तव्याला टेकलेला तळ त्या क्षणीच कुरकुरीत व्हायला लागतो. आवाज आला नाही तर तवा थंड होता. ब्रेड होईल, पण खालून पांढुरका आणि मऊ, आणि मग तो केकच. वीस-पंचवीस मिनिटांत वरून सोनेरी होतो आणि कड तव्यापासून सुटते. सुई खुपसून कोरडी आली की बाहेर काढा. मुठीवर लगेच जाड फडकं गुंडाळून ठेवा. ओव्हनमधून निघालेला तवा पाचव्या मिनिटाला साधाच वाटतो आणि आपण सवयीने मूठ पकडतो. माझ्या तळव्यावर त्याची खूण आहे.

ओव्हन नसेल तर निम्म्या मापाचं पीठ गॅसवर, मंद आचेवर, झाकण ठेवून भाजा. आठ-दहा मिनिटांनी थालीपिठासारखं उलटा. वरचा रंग ओव्हनसारखा येत नाही, चव मात्र येते.

साखर आली कुठून, हे मी त्या आजींना विचारलं तर त्या नुसत्या हसल्या. उत्तरेकडचे गोड करतात, दक्षिणेकडचे करत नाहीत, असं तिथे सर्रास सांगतात. पण गोष्ट गिरणीपाशी जाऊन पोहोचते. पूर्वी दाणा दगडी जात्यावर अख्खा दळला जायचा. मग पोलादी रोलरच्या मोठ्या गिरण्या आल्या. पीठ महिनोन्‌महिने टिकावं म्हणून त्यांनी अंकुर काढून टाकला. मक्याची स्वतःची गोडी त्याबरोबर गेली आणि ती भरून काढायला बायकांनी साखर घातली, असं खाद्य-इतिहास लिहिणाऱ्यांपैकी काहींचं म्हणणं आहे. मला ते पटतं. ताज्या भरड्याचा आणि दुकानातल्या जुन्या पाकिटाचा असे दोन करून शेजारी शेजारी ठेवा, तुम्हालाही पटेल. पुढे मिशिगनमधून मक्याच्या तयार मिश्रणाचा डबा बाजारात आला, तोही गोडच, आणि लाखो घरांत तीच चव रुळली.

अंकुर गेला तेव्हा नुसती गोडी गेली नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दक्षिणेतल्या गरिबांत पेलाग्राची साथच आली. कातडी सोलवटायची, जुलाब, भ्रम आणि मृत्यू. लोकांना तो संसर्ग वाटत होता. 1915 मध्ये डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांनी मिसिसिपीतल्या तुरुंगाच्या शेतावर, माफीच्या बोलीवर तयार झालेल्या अकरा कैद्यांना मुख्यतः मक्याच्या आणि तशाच निकस जेवणावर ठेवलं. सहा जणांना रोग झाला, म्हणजे दोष आहाराचा होता. कमी पडणारं जीवनसत्त्व म्हणजे नायासिन, हे 1937 मध्ये कळलं. मेक्सिकोत शतकानुशतकं मका चुन्याच्या पाण्यात शिजवून मग वाटतात. त्यामुळे मक्यात अडकलेलं नायासिन मोकळं होतं. युरोपातल्या लोकांनी मका उचलला, चुना मागेच राहिला. हा रोग आपल्याला परका नाही. दख्खनच्या पठारावर नुसत्या ज्वारीवर जगणाऱ्यांत तो दिसायचा आणि हैदराबादला डॉ. गोपालन यांनी त्यावर काम केलं.

घाबरून मका सोडा असं मी म्हणत नाही. नुसता खाऊ नका, एवढंच. टेनेसीतल्या साध्या घरात कॉर्नब्रेडच्या ताटात राजम्यासारख्या दाण्यांची, म्हणजे पिंटो बीन्सची, पातळ उसळ असते आणि सलगमची किंवा तशीच उकडलेली पालेभाजी. त्या भाजीचं पाणी फेकत नाहीत, ब्रेडबरोबर पितात. ब्रेड त्यात चुरायचा की बुडवायचा, यावर 1931 मध्ये लुइझियानाचे गव्हर्नर ह्यूई लाँग आणि अटलांटातल्या एका वर्तमानपत्राचे संपादक यांच्यात जाहीर वाद रंगला होता. लाँग बुडवणाऱ्यांच्या बाजूचे. मी चुरणाऱ्यांच्या. आपल्या ताटात वरण, चवळीची उसळ, मेथीची पातळ भाजी, यांतलं काहीही चालेल.

ब्रेड तव्यातून ताटात उलटा पाडा, कुरकुरीत बाजू वर राहू द्या आणि भाकरीसारखे चतकोर करा. गरम असतानाच खा. तासाभराने तो तोच राहत नाही, आणि पाहुणे उशिरा येणार असतील तर ओलं-कोरडं एकत्र करायचं थांबवा, पाहुण्यांसाठी ब्रेड थांबवू नका.

उरलाच तर रात्री त्या आजी करतात तसं करा. त्यांनी एका उंच पेल्यात कालचा तुकडा कुस्करला, वर थंडगार ताक ओतलं आणि लांब दांड्याचा चमचा माझ्या हातात दिला. ताकात भाकरी कुस्करून खाणारी माझी आई आठवली. मी पर्समधून लसणाच्या चटणीची पुडी काढली, चिमूटभर वर टाकली आणि पेला त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी एक चमचा खाल्ला, डोळ्यांत पाणी आलं, आणि पुडी आपल्याकडेच ठेवून घेतली.