मास्तरांच्या शिकण्याचे पैसे कोणी द्यायचे?

परवा गोंदियाजवळच्या मुर्रीतल्या एका पानठेल्यावर एका शिकल्यासवरल्या गृहस्थांनी निकालच देऊन टाकला. हायस्कूलच्या मास्तरांना लठ्ठ पगार आहे, त्यांच्या प्रशिक्षणावर आणखी सरकारी पैसा कशाला? शिकायचं तर खिशातून शिकावं. शिवाय शिक्षक जन्मावाच लागतो. चारचौघांनी माना डोलावल्या. मला गाडी गाठायची होती म्हणून तेव्हा गप्प बसलो. आता बोलतो.

आधी तो लठ्ठ पगार. अनुदानित हायस्कूलला नवा लागलेला माणूस पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक असतो. त्याचं मानधन २०२३ पर्यंत महिन्याला ८ हजार होतं, आता १८ हजार आहे. अंशतः अनुदानित शाळांतले शिक्षक तर २०, ४०, ६० टक्क्यांचे टप्पे मोजत म्हातारे होतात आणि पुढच्या टप्प्यासाठी आझाद मैदानात जाऊन बसतात. यांना खिशातून शिकायला सांगणाऱ्याने आधी तो खिसा चाचपून बघावा.

ज्यांना पूर्ण पगार आहे, ते तर आजही खिशातूनच शिकतात. १२ वर्षांनी वरिष्ठ वेतनश्रेणी आणि २४ वर्षांनी निवडश्रेणी हवी तर प्रशिक्षण सक्तीचं आहे. २०२५च्या उन्हाळ्यात त्यासाठी दर शिक्षकाकडून २००० रुपये शुल्क घेतलं गेलं. म्हणजे प्रशिक्षणाची अट सरकारची, शिकणार गावची मुलं, आणि पैसे मास्तरांचे! आपला जिल्हा भातगिरण्यांचा. गिरणीत नवी सॉर्टेक्स मशीन बसली की कंपनीचा माणूस येऊन ऑपरेटरला शिकवून जातो. त्याचे पैसे ऑपरेटरच्या मजुरीतून कापले, असं मी कुठे ऐकलं नाही. तांदळातला काळा दाणा वेचणाऱ्यासाठी जे साधं कळतं, ते मुलांपुढे उभ्या राहणाऱ्यासाठी का कळू नये? आणि हे प्रशिक्षण तरी कितीदा? नववीची पुस्तकं २०१७ला बदलली, दहावीची २०१८ला. वेतनश्रेणीचं प्रशिक्षण मात्र १२ वर्षांनी. कोठारी आयोगाने १९६६ साली दर पाच वर्षांत दोन-तीन महिन्यांचं सेवांतर्गत प्रशिक्षण सुचवलं होतं. साठ वर्षं होत आली.

जन्मावा लागतो म्हणे! हा वाद मी उमेदीच्या काळापासून ऐकतो आहे. तेव्हा तो बी.एड.च्या जागांवरून व्हायचा, नंतर मोबाईलवरच्या प्रशिक्षणावरून झाला. असं म्हणणारी माणसं स्वतःच्या मुलाला मात्र जन्मजात डॉक्टर मानून घरी बसवत नाहीत, लाखो भरून शिकायला धाडतात.

प्रशिक्षणं वाईट असतात, हे मला मान्य आहे. चहा, सही, फोटो आणि घर. पण वाईट भात शिजला म्हणून कोणी चूल फोडत नाही.

माझ्या ओळखीच्या एका विज्ञान शिक्षिकेचं सांगतो. गोंदियाहून रेल्वेने सुमारे १३० किलोमीटरवर नागपूर. तिकीट स्वतःचं, डबा घरचा, रजा किरकोळ, असं करून ती एका कार्यशाळेला गेली. पुढच्या आठवड्यात आठवीच्या वर्गात तिने बर्फाच्या पाण्याचा ग्लास ठेवला आणि बाहेरचे थेंब कुठून आले, ते विचारलं. "ग्लास पाझरून रायला, म्याडम," एक पोरगा म्हणाला. पूर्वी ती लगेच चूक म्हणून फळ्यावर व्याख्या लिहायची. या वेळी तिने त्याच्याच हाताने पाण्यात लाल रंग टाकवला. बाहेरचे थेंब बिनरंगीच राहिले. पोराने बोटावर थेंब घेतला, उजेडात धरला, चाखूनही पाहिला. वर्ग चिडीचूप. मग मागच्या बाकावरून आवाज आला, "हवेतून आला असंल."

हे तिला कार्यशाळेतून मिळालं. पुढचं सत्र दिवाळीनंतर होतं. ती गेली नाही. दोनदा तिकीट काढणं जमलं नसतं.

माझं मागणं थोडं आहे. सक्तीच्या प्रशिक्षणाचं शुल्क रद्द करा. प्रवासाचे पैसे आणि कर्तव्य रजा द्या. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०२० साली शिक्षकांसाठी वर्षाला प्रशिक्षणाचे किमान ५० तास सांगितले आहेत, त्यांतले निम्मे तरी आसपासच्या पाच-सहा हायस्कुलांनी मिळून आपल्याच गावात घ्यावेत आणि त्याचा निधी थेट त्या शाळांच्या हाती द्यावा. विषय शिक्षकांनी ठरवावेत. मुर्रीतून सुरुवात होत असेल तर चहाचं मी बघतो. दिवाळीनंतरचं ते तिकीट मात्र सरकारने काढावं.