प्रबंध कोणत्या भाषेत?

इंदूरचा सांवेर रोड कारखान्यांमधून उज्जैनकडे जातो. त्याच्या कडेला आता खासगी विद्यापीठही उभे आहे. राज्यशास्त्रात पीएच.डी. करू पाहणाऱ्या तेथील मराठी तरुणाला प्रश्न पडतो तो एवढाच: प्रबंध हिंदीत की इंग्रजीत? १९१७, १९३५ आणि २००१ साली मराठी साहित्य संमेलने भरवणाऱ्या शहराची ही गत! आम्हा सीमावासीयांची गत याहून निराळी नाही.

१९५६च्या सातव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३५०क दिला. पण मातृभाषेतील शिक्षणाचे त्याचे अभिवचन प्राथमिक स्तरावरच संपते. पुढे भाषिक अल्पसंख्याकाने स्वतःचे राजकारणही परभाषेत मांडावे, हे जणू गृहीतच धरले आहे.

सीमाप्रश्नाचा दावा २००४पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. तेथे घोषणांना किंमत नाही; जनगणनेचे तक्ते, ग्रामपंचायतींचे ठराव, निवडणुकांचे निकाल लागतात. ते जमवून पडताळण्यास पीएच.डी.ची किमान तीन, कमाल सहा वर्षे हाच उचित अवधी होय.

महाराष्ट्रातील विद्यापीठांत राज्यशास्त्राचे प्रबंध मराठीत लिहिले जातात. विवादित सीमाभागातील मराठी विद्यार्थ्याला अभियांत्रिकीच्या प्रवेशात महाराष्ट्र शासन आपला मानते. मग आमच्यातला अभियंता हवा आणि आमच्याच प्रश्नाचा अभ्यासक नको काय? सीमाभागातील व इंदूरसारख्या शहरांतील मराठी संशोधकांसाठी शासनाने शिष्यवृत्ती व मार्गदर्शक द्यावेत, ही आमची मागणी आहे. आणि पालकांनो, तुमच्या घरातील एका तरी पदवीधराला या कामी लावा. मोर्चा सायंकाळी पांगतो. पुराव्याने सिद्ध झालेला प्रबंध उलटतपासणीलाही पुरून उरतो.