नाव बाईचं, किल्ली कोणाची?

आमच्या बोईसरच्या सल्ला केंद्रात येणारी बाई पिशवीत कागद घेऊन येते. रेशनकार्ड, लग्नपत्रिका, दवाखान्याच्या चिठ्ठ्या, सोनं गहाण ठेवल्याची पावती हे कागद आपल्या सगळ्यांच्या ओळखीचे. गेल्या काही वर्षांत त्यात एका नव्या कागदाची भर पडली आहे. मोटारीचं आरसी बुक आणि त्याला टाचलेला कर्जाचा करारनामा. मोटारही साधीसुधी नाही. जर्मन कंपनीची, बुटकी, लांब, बटण दाबलं की झेप घेणारी सेडान. पालघर-बोईसर रस्त्यावर तिचं पोट प्रत्येक गतिरोधकाला घासतं, तरी ती घ्यायची असते.

काहीजणी म्हणतील, हा श्रीमंतांचा विषय, आपल्या अंकात कशाला? नवी गाडी श्रीमंतांचीच आहे, हे खरं. साठ लाखांच्या आसपासची गाडी घेतली तर महाराष्ट्रात नुसता एकरकमी वाहनकर पेट्रोलला १३ टक्के आणि डिझेलला १५ टक्के, म्हणजे आठ-नऊ लाख होतो. कंपनीच्या नावावर घेतली तर २० टक्के. वर विमा. पण तीच गाडी आठ-दहा वर्षं जुनी झाली की बारा-पंधरा लाखांत मिळते, नव्या मध्यम देशी गाडीच्या भावात. दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर २०१५ पासून बंदीचे आदेश निघाले, तेव्हापासून तिकडच्या गाड्या स्वस्तात इकडे यायला लागल्या. तारापूर एमआयडीसीत गाळा चालवणाऱ्या माणसाच्या हाताला ती आता लागते. बुलेट ट्रेन, मुंबई-वडोदरा द्रुतगती मार्ग, मालगाड्यांचा स्वतंत्र रेल्वेमार्ग, सगळे आपल्याच जिल्ह्यातून गेले आणि जमिनीचे पैसे घरात आले. त्या पैशातलं काही गाडीत गेलेलं मी पाहिलं आहे. जमिनीचा मोबदला कोणाच्या खात्यात आला, हा प्रश्न आपण निदान विचारतो. गाडीचा प्रश्न मात्र कोणी विचारत नाही, कारण गाडी ही पुरुषाची हौस मानली जाते आणि हौसेला हिशेब नसतो.

मला गाडीबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती कागदाबद्दल.

नव्वदच्या सुमाराला शेतकरी संघटनेने 'लक्ष्मीमुक्ती'चा कार्यक्रम घेतला, बायकोच्या नावावर जमीन करा म्हणून गावोगाव सांगितलं. १९९४ साली राज्याचं पहिलं महिला धोरण आलं. सातबारावर बाईचं नाव लागावं, घर दोघांच्या नावावर असावं, यासाठी आपल्यापैकी कितीजणींनी तलाठ्याच्या पायऱ्या झिजवल्या आहेत. आजही हक्कसोडपत्रावर बहिणीची सही घेताना भावाला संकोच वाटत नाही. जिथे मालमत्ता आहे तिथे नाव लागायला वीस वर्षं लागतात. जिथे कर्ज आहे तिथे ते एका दुपारी लागतं, एजंट घरी येऊन सह्या घेऊन जातो.

केंद्रात आलेल्या एका बाईंची हकीकत त्यांच्या परवानगीने सांगते. ओळख पटेल असं काही लिहीत नाही. आम्ही त्यांना वहिनी म्हणतो. नवऱ्याचा फॅब्रिकेशनचा गाळा, कारखान्यांची जॉबवर्कची कामं. गाळ्याचा धंदा वहिनींच्या नावावर, कारण पंतप्रधान रोजगार निर्मिती योजनेत ग्रामीण भागात सर्वसाधारण गटातल्या पुरुषाला २५ टक्के अनुदान मिळतं आणि बाईला ३५ टक्के. दहा टक्क्यांच्या फरकासाठी वहिनी उद्योजिका झाल्या. गाळ्यावर त्या दसऱ्याच्या पूजेला जात, एवढाच संबंध. पुढे नवऱ्याने सेकंडहँड जर्मन सेडान ठरवली. पार्टीकडे जाताना वजन पडतं, असं त्याचं म्हणणं. (पडतही असेल. मोठ्या कारखान्याच्या गेटवर रिक्षातून उतरणाऱ्या छोट्या ठेकेदाराला किती वेळ बसवून ठेवतात, तेही मी पाहिलं आहे.) धंदा वहिनींचा म्हणून कर्जही वहिनींच्या नावावर. पंधरा लाख, १४ टक्के, पाच वर्षं. हप्ता ३४,९०० रुपयांच्या घरात. पाच वर्षांत भरायचे जवळजवळ एकवीस लाख. हा शेवटचा आकडा वहिनींनी पहिल्यांदा ऐकला तो आमच्या केंद्रात, कॅल्क्युलेटरवर.

दुसऱ्या वर्षी गिअरबॉक्स गेला. पंधरा लाखांत मिळालेली गाडी असली तरी तिचा सुटा भाग साठ लाखांच्या गाडीचाच असतो, त्याची किंमत जुनी होत नाही. दुरुस्तीत साडेतीन लाख गेले, त्यात वहिनींच्या पाटल्या होत्या. मग कारखान्यांकडून बिलं थकली, हप्ते परत गेले. वसुलीवाले आले ते वहिनींच्या दारात, वहिनींचं नाव हाका मारत. गाडी ओढून नेली, लिलावात निम्म्याहून कमी किंमत आली, उरलेल्या रकमेची नोटीस पुन्हा वहिनींना. नवरा म्हणाला, "तुझ्याच नावावर आहे ना, मग तूच निस्तर." वहिनींना गाडी चालवता येत नाही. दोन वर्षांत त्या तिच्यात पाच-सहा वेळा बसल्या असतील, त्याही मागे.

यात कायदा काय म्हणतो, ते आपल्या कार्यकर्त्यांना माहीत हवं. एकल मालकीच्या धंद्यात धंदा वेगळा आणि मालकीण वेगळी असं काही नसतं. धंद्याचं देणं ते तिचंच देणं, त्यासाठी तिच्या नावावरचा प्लॉट आणि तिचं खातं, दोन्ही पणाला. नुसती जामीनदार असली तरी सुटका नाही. १८७२ च्या करार कायद्याचं कलम १२८ जामीनदाराला कर्जदाराइतकंच जबाबदार धरतं, आणि करारात वेगळं लिहिलं नसेल तर बँक आधी नवऱ्याकडे जायलाही बांधील नाही. "फक्त एक सही" असं जे घरात म्हटलं जातं, त्या सहीची किंमत ही. मात्र एक दिलासा लक्षात ठेवा. चेक न वटल्याच्या खटल्यात, खातं दोघांचं असलं तरी जिने चेकवर सही केलेली नाही तिला आरोपी करता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली मुंबईच्याच एका प्रकरणात स्पष्ट केलं आहे. बायका घाबरून सेटलमेंटच्या कागदावर सह्या करतात, त्याआधी चेकवर सही कोणाची होती ते पाहायला हवं. आता चेकऐवजी हप्ता खात्यातून आपोआप जातो. तोही परत गेला तर २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याच्या कलम २५ खाली गुन्हा होतो. तिथे खातं कोणाचं आणि संमतीपत्र कोणी भरलं, ते आधी तपासावं.

हे झालं कर्जाचं. आरसी बुकावरच्या नावाची जोखीम निराळी, आणि मला ती जास्त भयंकर वाटते. गाडी विकली, पैसे आले, किल्ली दिली, पण आरटीओत नाव बदललं नाही, तर पुढे अपघात झाल्यावर भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावर येते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हेच सांगितलं. त्या प्रकरणात गाडी नंतर किती हातांतून गेली होती, त्याचा मालकाला उपयोग झाला नाही. आपल्याकडे सेकंडहँडचा व्यवहार दोन पुरुष चहा पिता पिता करतात. नोंदणीतली मालकीण घरात असते. फॉर्म २९ आणि ३० वर तिची सही लागते, ती कोऱ्या फॉर्मवर घेऊन ठेवलेली असते, नाहीतर "मोबाईलवर नंबर आलाय, सांग जरा" म्हणून ओटीपी घेतला जातो. विक्री झाल्याचं तिला कळतंच असं नाही.

आणखी एक. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १९९-अ आलं. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड. आपल्याला माहीत नव्हतं किंवा आपण पुरेशी काळजी घेतली होती, हे सिद्ध करण्याचं ओझं त्याच्यावर. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला सतरा वर्षांच्या मुलाच्या पोर्शे गाडीखाली एक तरुणी आणि एक तरुण, दोघे अभियंते, गेले. त्या गाडीची नोंदणीच झालेली नव्हती. १,७५८ रुपये फी भरायची राहिली होती. कोट्यवधींच्या गाडीची ही गोष्ट. बोईसरच्या घरात सतराव्या वर्षी मुलगा किल्ली घेतो तेव्हा बाप कौतुकाने हसतो आणि आरसीवर नाव असतं आईचं.

विम्याचीही गंमत पाहा. विम्यासोबत पंधरा लाखांचं 'मालक-चालक' अपघात संरक्षण असतं. ते नोंदणीकृत मालकालाच, आणि त्याच्याकडे परवाना असेल तरच. गाडी वहिनींच्या नावावर, चालवतो नवरा. उद्या त्याच्या जिवाला काही झालं तर त्या पंधरा लाखांतला रुपयाही वहिनींना मिळत नाही. म्हणजे जोखीम बाईची, आणि संरक्षण कोणाचंच नाही.

मग बाईच्या नावावर गाडी नकोच का? असं मी मुळीच म्हणत नाही. लग्नात 'स्वखुशीने' म्हणून दिली जाणारी गाडी आठवा. केरळमधल्या कोल्लमच्या आयुर्वेदाच्या विद्यार्थिनीचा २०२१ मध्ये सासरी मृत्यू झाला. सासऱ्याने दिलेली सेडान पसंतीची नाही, हा नवऱ्याचा राग होता. २०२२ मध्ये सत्र न्यायालयाने त्याला दहा वर्षांची शिक्षा सुनावली. तो स्वतः मोटार वाहन खात्यात नोकरीला होता. मागून घेतलेली गाडी हा हुंडाच, तो गुन्हाच. पण दिली गेलीच असेल आणि आरसी मुलीच्या नावावर असेल, तर घर सोडताना ती गाडी आपलं स्त्रीधन म्हणून मागणं तिला सोपं जातं. जावयाच्या नावावर असेल तर पावत्या शोधत बसावं लागतं. तेव्हा प्रश्न नुसत्या नावाचा नाही. नावाबरोबर किल्ली, परवाना, खातेउतारा आणि निर्णय येतो का, याचा आहे.

तो आलेला मी पाहिला आहे. एमआयडीसीतल्या एका औषध कारखान्यात गुणवत्ता विभागात काम करणारी माझी मैत्रीण. तिने स्वतःच्या पगारावर अशीच जुनी सेडान घेतली. वेग आवडतो म्हणून घेतली, तसं सांगायला ती लाजत नाही. मलाही ते आवडलं. वेगाची आवड ही काय पुरुषांनी पेटंट करून ठेवली आहे? तिने तीन महिने गाड्या पाहिल्या. गालिचा उचलून वास घेतला, सीटखालच्या पट्ट्यांना गंज आहे का पाहिलं, कारण जुलै २०१८ च्या पुरात वसई-नालासोपाऱ्यात किती गाड्या बुडाल्या हे तिला ठाऊक होतं. सर्व्हिसची नोंद मागितली, ई-चलनं किती थकली आहेत ते पाहिलं, आधीच्या कर्जाचा बोजा उतरल्याचा फॉर्म ३५ आणि बँकेचं ना-हरकत पत्र हातात आल्याशिवाय पैसे दिले नाहीत. स्टेपनी नाही हे कळल्यावर तिने किंमत कमी करून घेतली, मनोरच्या रस्त्याचं नाव सांगून. आणि तरीही गॅरेजवाला फोन करतो तो तिच्या नवऱ्याला. "साहेबांना विचारून सांगतो." साहेब बिचारे स्कूटरवर जातात.

४ सप्टेंबर २०२२ ला चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्रींचा अपघात झाला, तेव्हा पालघर स्टेशनबाहेर मी जी चर्चा ऐकली ती एवढीच, की बाई चालवत होती. गेलेले दोघे मागच्या सीटवर होते आणि त्यांनी पट्टे लावले नव्हते, असं पोलिसांनी सांगितलं होतं. त्यावर कोणी बोलत नव्हतं. आपल्या घरातल्या बायका, मुलं, सासवा बसतात त्या मागेच. मागच्या सीटलाही पट्टा सक्तीचा आहे आणि न लावल्यास हजार रुपये दंड आहे. चार हजारांच्या सीटकव्हरखाली ते पट्टे दाबून टाकलेले असतात.

वहिनींच्या बाजूने आम्ही २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली अर्ज केला आहे. त्या कायद्यात आर्थिक छळाची व्याख्या आहे आणि स्त्रीधन काढून घेणं त्यात येतं. पाटल्यांचं म्हणणं उभं राहील, असं आमच्या वकील मैत्रिणीला वाटतं. उरलेल्या कर्जाचं काय करायचं यावर वाद आहे. धंदा प्रत्यक्षात नवरा चालवत होता, हे दाखवायला कारखान्यांची पत्रं, त्याच्या मोबाईलवरच्या ऑर्डरी, सगळं गोळा करतो आहोत. निकाल यायचा आहे.

दरम्यान, पालघरच्या पुढच्या बैठकीला आरटीओचं काम करणारे एक गृहस्थ कोरे फॉर्म २९, ३० आणि ३५ घेऊन येणार आहेत. ते कसे भरतात आणि कुठे सही करू नये, ते दाखवतील. ज्यांच्या नावावर गाडी आहे त्यांनी आरसी आणि विम्याची प्रत आणावी. मागच्या वेळी एकीने विचारलं होतं, "माझ्या नावावर काय काय आहे ते मला कळणार कसं?" रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे प्रत्येक पतमापन कंपनीकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल फुकट मिळतो. आपल्या नावावरची कर्जं आणि आपण जामीन राहिलेली कर्जं, दोन्ही त्यात दिसतात. तो आम्ही बैठकीतच काढून देऊ. येताना पॅनकार्ड आणावं, आणि मोबाईल. आपल्या नंबरचा, आपल्याच पिशवीतला.